त्यागमूर्ती माता रमाई : चाळीतल्या मंडळापासून विहारातल्या मंडळापर्यंत



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघाली की तिच्यात रमाईवर एक तरी लेख असतोच, आणि तो असायलाच हवा. पण बहुतेक लेखांत रमाई आपल्याला भेटते ती सोसणारी, उपाशी राहणारी, डोळ्यांतलं पाणी पदराने पुसणारी. ते सगळे खरेच आहे. परंतु तेवढ्यावर रमाई संपत नाही. जानेवारी १९२८ मध्ये मुंबईत आपल्या समाजातील स्त्रियांचे एक मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या अध्यक्षा म्हणून रमाबाई आंबेडकरांची निवड झाली, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? आज जवळपास प्रत्येक बुद्ध विहारात महिला मंडळ आहे. त्या सर्व मंडळांची रमाई ही वडीलधारी आहे. म्हणून या वेळी रमाईचे चरित्र मंडळाच्या बाजूने सांगावे असे ठरवले. उपासक-उपासिकांनी ते वाचावे आणि घरातल्या लेकी-सुनांनाही वाचून दाखवावे.

वणंदची रमी

कोकणात दापोलीजवळ वणंद नावाचे गाव आहे. तिथे भिकू धुत्रे आणि रुक्मिणी या जोडप्याच्या पोटी रमाईचा जन्म झाला. ७ फेब्रुवारी १८९८ हा तिचा जन्मदिवस म्हणून आपण साजरा करतो. भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहायचे. डोक्यावर पाणी गळणारी टोपली आणि पायाखाली वाळू, असं ते काम. त्यावर घर चालायचं. लेकरांच्या नशिबात आई-बापाचं छत्र फार दिवस नव्हतं. आई गेली, मग वडीलही गेले. पोरक्या भावंडांना नातेवाइकांनी मुंबईला आणले आणि समुद्रकाठची ही पोर भायखळ्याच्या गर्दीत येऊन पडली.

शाळेची पायरी तिला कधी चढायला मिळाली नाही. त्या काळात अस्पृश्य घरातल्या मुलीला शाळेत कोण घालणार? पण धाकट्या भावंडांना सांभाळणे, असेल त्यात सगळ्यांचं भागवणे आणि कुणापुढे हात न पसरणे, हे शिक्षण तिला लहानपणीच मिळाले. पुढे तेच कामाला आले.

रमी जेमतेम नऊ वर्षांची असताना तिचे लग्न सुभेदार रामजी आंबेडकरांचे चिरंजीव भीमराव यांच्याशी झाले. लग्न लागले ते भायखळ्याच्या बाजारात, तेही बाजार उठल्यावर, रात्री. ज्या ओट्यांवर दिवसभर मासळी विकली जायची त्याच ओट्यांवर वऱ्हाडी बसले. खालून गटाराचे पाणी वाहत होते. मंडप नाही, रोषणाई नाही. सकाळी बाजार भरायच्या आत सगळे आटोपून जागा मोकळी करून द्यायची होती. आज आपण हॉल घेऊन लग्ने करतो, तेव्हा ही गोष्ट एकदा आठवावी.

परळची चाळ

आंबेडकर कुटुंब पुढे परळच्या बी.आय.टी. चाळीत राहायला आले. प्लेगच्या साथीनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने ज्या चाळी बांधल्या त्यांतली ही एक. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या, ५० आणि ५१ नंबरच्या. आजूबाजूला गिरण्यांचे भोंगे. पाण्याचा नळ सामाईक, संडास सामाईक, गॅलरी सामाईक. सुखदुःखही सामाईकच म्हणायचं.

१२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंतचा जन्म झाला. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार रामजी गेले. त्याच वर्षी जुलै महिन्यात भीमराव बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला पोहोचले. कडेवर सहा-सात महिन्यांचे मूल, घरातला आधारवड नुकताच कोसळलेला आणि नवरा सातासमुद्रापार. तेव्हा रमाबाईंचे वय होते पंधरा वर्षांचे! आपल्याकडे या वयाची मुलगी आज दहावीच्या परीक्षेला बसते.

भीमराव १९१७ मध्ये परतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, ते १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. ही सगळी वर्षे रमाबाईंनी चाळीत काढली. घरातल्या कमावत्या माणसांची मजुरी तेव्हा आण्यांत मोजायची. रमाबाईंनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या आणि विकल्या, असे जुनी माणसे सांगत. दिवसा हे काम केलं तर बॅरिस्टर होऊ घातलेल्या माणसाची बायको गोवऱ्या विकते असं लोक म्हणतील, म्हणून ती भल्या पहाटे किंवा अंधार पडल्यावर जायची, असेही सांगतात.

अशा चाळीत बाई एकटी जगू शकत नाही. पहाटे नळावर रांग लागली की तिथेच कळायचे, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाचे मूल तापाने फणफणलंय, कुणाचा नवरा दारू पिऊन आला. कुणी मूठभर तांदूळ द्यायची, कुणी बाळंतिणीच्या उशाशी रात्र काढायची, कुणी मयताच्या घरी भाकरी थापून न्यायची. याला तेव्हा कुणी मंडळ म्हणत नव्हते. रजिस्टर नव्हते, शिक्का नव्हता. पण महिला मंडळ ज्या पायावर उभे राहते तो पाया हाच.

या चाळीत रमाबाईंनी चार लेकरे गमावली. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी १९२६ मध्ये राजरत्न. राजरत्न तर सगळ्यांचा फार लाडका होता. त्या काळी एका खोलीत राहणाऱ्या कामगारांच्या घरांत तान्ही मुले दगावण्याचे प्रमाण फार मोठे होते. कोंदट हवा, अपुरे अन्न, बाळंतपण झाले की लगेच कामावर धावणारी आई, औषधाला पैसे नाहीत. म्हणजे रमाबाईंचे दुःख हे एकट्या रमाबाईंचे नव्हते. परळ-लालबागच्या खोल्याखोल्यांत तेच दुःख होते. हे लक्षात घेतले की पुढच्या गोष्टीचा अर्थ नीट लागतो.

महाडची हाक

बाबासाहेबांचे सार्वजनिक काम सुरू झाल्यावर चाळीतल्या त्या दोन खोल्यांत माणसांची ये-जा वाढली. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मध्ये स्थापन झाली. परळचा दामोदर हॉल हे चळवळीचे ठिकाण झाले. सभा पुरुषांच्या. बायका आल्या तर मागे, पोर मांडीवर घेऊन बसायच्या.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला परिषद भरली आणि २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. परिषद संपता संपता बाबासाहेबांनी खास स्त्रियांसाठी सभा घेतली. त्यात त्यांनी जे सांगितले ते अगदी घरातले होते. स्वच्छ राहा. लुगडे नीट, पायापर्यंत नेसा. कोपरापर्यंतच्या त्या जड गोटपाटल्या आणि गळाभर गळसऱ्या टाकून द्या, कारण त्यावरून तुमची जात दुरून ओळखू येते. मेलेल्या जनावराचे मांस घरात शिजू देऊ नका. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला, मुलाला जेवायला वाढू नका. आणि मुलांइतकेच मुलींनाही शिकवा. सभेनंतर चळवळीत आलेल्या टिपणीस आणि चित्रे या कायस्थ घरांतल्या स्त्रियांनी आपल्या बायकांना लुगडे नेसायची पद्धत दाखवली. दुसऱ्या दिवशी बायका तसे नेसून घरी परतल्या.

वरवर पाहता या गोष्टी साध्या वाटतात. पण जरा विचार करा. मेलेल्या ढोराचे मांस खायचे नाही हा ठराव सभेत पुरुषांनी हात वर करून पास केला, तरी तो अमलात कुठे येणार? चुलीपाशी. आणि चूल कुणाच्या हातात? बाईच्या. घरात पोरं भुकेली आहेत, दारात फुकटचे मांस आले आहे आणि बाईने ते परत पाठवायचे. त्या रात्री पोरांना काय वाढायचे, हा प्रश्न ठराव करणाऱ्याला पडत नाही, तो बाईला पडतो. अंगावरचे दागिने काढायचे तर सासू ओरडणार, भावकी हसणार. लुगडे पायापर्यंत नेसून गावात शिरायचे तर वरच्या आळीचे लोक अडवणार. नवऱ्याला जेवायला वाढले नाही तर मार खावा लागणार. म्हणजे चळवळीचे सगळ्यात अवघड काम बायकांच्या वाट्याला आले होते, आणि ते एकट्या बाईच्याने होण्यासारखे नव्हते. पाठीशी दहा जणी हव्या होत्या.

म्हणून मंडळ हवे होते.

अध्यक्षा रमाबाई

महाडनंतर महिन्याभरातच, जानेवारी १९२८ मध्ये, मुंबईत आपल्या स्त्रियांचे मंडळ स्थापन झाले. अध्यक्षा रमाबाई. कधी शाळेत न गेलेली, भाषण करायची सवय नसलेली, चार लेकरे पुरलेली तीस वर्षांची बाई. आजच्या भाषेत सांगायचं तर तिच्याकडे कसलेच क्वालिफिकेशन नव्हते. पण चाळीतल्या बायकांना दुसऱ्या कुणाच्या शब्दापेक्षा तिचा शब्द लवकर पटणार होता. कारण उपास तिने काढला होता, पोटचे पोर तिने गमावले होते, आण्या-आण्याचा हिशेब तिने केला होता. मांस परत पाठवा असे तिने म्हटले तर तिला भूक म्हणजे काय हे कळत नाही, असे कोण म्हणणार?

रमाबाईंच्या हिशेबीपणाची एक गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. महिन्याच्या खर्चाचे पैसे हातात आले की त्या त्यांच्या तीस पुड्या बांधून ठेवत. एका दिवसाला एक पुडी. आजची पुडी संपली की संपली, उद्याच्या पुडीला हात लावायचा नाही. पाहुणा आला, पुस्तकांचा खर्च वाढला, तरी महिना निभायचा. भिशी आणि बचत गट चालवणाऱ्या आपल्या भगिनींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. बचतीची अक्कल आपल्याला बाहेरच्या कुणी येऊन शिकवलेली नाही, ती आपल्या माउलीच्या घरात होती. धारवाडच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणाची अडचण झाली तेव्हा रमाबाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, असेही सांगतात. काटकसर करणारी बाई कंजूष नसते, हे त्यावरून दिसते.

१९२८ च्या त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. जुलै महिन्यात मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची सवलत देणारे बिल आले. बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळाली पाहिजे, त्यात देशाचे हित आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. गिरणीतल्या बाईचे मूल का दगावते हे बाबासाहेबांनी पुस्तकात वाचले असेल, पण ते त्यांनी ५० नंबरच्या खोलीतही पाहिले होते. नोकरी करणाऱ्या आपल्या मुली-सुना आज बाळंतपणाची रजा घेतात, त्या रजेच्या मागे केवढा मोठा इतिहास आहे हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो १९३५ पर्यंत चालू राहिला. त्यात शेकडो स्त्रिया उतरल्या, त्यांनी दगडधोंडे सोसले, तुरुंगवास पत्करला. तीनच वर्षांपूर्वी सभेत मागे बसणारी बाई आता मिरवणुकीत पुढे होती. हा बदल एका भाषणाने होत नाही. गावोगावी, चाळीचाळीत बायका एकत्र बसू लागल्या, बोलू लागल्या, त्याचा तो परिणाम.

राजगृह आणि अखेर

१९३० ते १९३२ या काळात बाबासाहेब गोलमेज परिषदांसाठी पुन्हा पुन्हा लंडनला गेले. रमाबाईंची तब्येत तोवर खालावली होती. १९३४ च्या सुमारास दादरच्या हिंदू कॉलनीतल्या राजगृहात कुटुंब राहायला आले. दोन खोल्यांतून तीन मजली घरात आलेल्या रमाबाईंना ते सुख फार दिवस घेता आले नाही. शेजारणीच्या आवाजाची सवय असलेल्या बाईला ते मोठे घर कसे वाटले असेल, याची आपण कल्पनाच करू शकतो.

रमाबाई श्रद्धाळू होत्या, उपासतापास करणाऱ्या होत्या. पंढरपूरला जाऊन विठोबाचे दर्शन घ्यावे अशी त्यांची फार इच्छा होती. पण अस्पृश्यांना देवळात प्रवेश नव्हता. लांब उभे राहून परतायचे. बाबासाहेबांनी ते मानले नाही. जिथे माणसाला दूर ठेवतात त्या पंढरपूरला कशाला जायचे, आपण आपल्या सेवेने दुसरी पंढरी उभी करू, अशा अर्थाचे त्यांनी समजावले. ही गोष्ट लपवायचे काही कारण नाही. रमाई बौद्ध झाली नव्हती. तिच्या हयातीत धर्मांतराची घोषणाही झाली नव्हती. तरी विहारात तिची तसबीर आहे, कारण ज्या अपमानातून ती गेली त्याच अपमानातून बाहेर पडण्यासाठी आपण धम्माची वाट धरली.

२७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाबाईंचे निधन झाले. वय अवघे सदतीस. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. बाबासाहेबांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले आणि लहान मुलासारखे रडले, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच, १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. पुढे १९४० मध्ये लिहिलेला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. जगातले मोठमोठे विद्वान जे पुस्तक वाचतात त्याच्या पहिल्या पानावर वणंदच्या रमीचे नाव आहे.

रमाईनंतरच्या बाया

अध्यक्षा गेली, पण काम थांबले नाही. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या देवदासी, जोगतिणी, आराधी यांची सभा झाली. समाजाने ज्यांना दूर लोटले होते त्यांना बाबासाहेबांनी समोर बसवून ते जीवन सोडायला सांगितले. नागपूरकडे जाईबाई चौधरींनी मुलींसाठी शाळा काढली होती. हमाली करता करता शिकलेली ही बाई दुसऱ्यांच्या मुली शिकवत होती.

२० जुलै १९४२ ला नागपुरात अस्पृश्य स्त्रियांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या. पंचवीस हजार स्त्रिया आल्या होत्या! १९२८ च्या मंडळानंतर चौदाच वर्षांनी. त्या परिषदेत ठराव झाले ते पाहण्यासारखे आहेत. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क असावा, एकापेक्षा जास्त बायका करण्याची पद्धत कायद्याने बंद व्हावी, गिरणीत, विडीच्या कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांना हक्काची रजा मिळावी. बाबासाहेबांनी तिथे सांगितले की समाजाची प्रगती ते त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. मुलींच्या लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका, आणि बाईने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे, असेही सांगितले. त्यांतल्या कितीतरी गोष्टी पुढे हिंदू कोड बिलात आल्या. ते बिल पुढे सरकेना म्हणून १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पांढरी लुगडी नेसून लाखोंच्या समुदायात आपल्या आज्या-पणज्या उभ्या राहिल्या. अंगावरचे दागिने मोडून, भाकऱ्या बांधून, पोरं खांद्यावर घेऊन त्या आल्या होत्या. घरी परतल्यावर देव्हाऱ्यातले देव काढायचे काम बहुतेक घरांत त्यांनीच केले. पुन्हा तेच. ठराव मैदानावर झाला, अंमलबजावणी घरात झाली आणि ती बायकांनी केली.

या स्त्रियांची नावे पुष्कळ काळ कुठे लिहिलेलीच नव्हती. १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढले तेव्हा कुठे त्या बोलत्या झाल्या. प्रत्येक विहाराच्या कपाटात हे पुस्तक असावे.

आपले महिला मंडळ

आता आपल्याकडे पाहू. विहारातले महिला मंडळ काय काय करते? रविवारी, पौर्णिमेला वंदना. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन. ज्यांना वाचता येत नाही त्या ऐकतात, आणि ऐकता ऐकता काहींना अक्षरओळखही होते. ७ फेब्रुवारीला रमाई जयंती, २७ मेला स्मृतिदिन, ३ जानेवारीला सावित्रीमाई. बुद्ध पौर्णिमेला खीरदान. कुणाच्या घरी नामकरण असो, मंगल परिणय असो की पुण्यानुमोदन, पांढऱ्या साड्या नेसून मंडळाच्या भगिनी हजर. कुणी आजारी पडले तर दवाखान्यात डबा जातो. भिशीचे पैसे अडीअडचणीला उपयोगी पडतात. मुलांच्या फीसाठी, परीक्षेच्या फॉर्मसाठी कुणाकुणाला गुपचूप मदत होते, आणि त्याचा कुठे बोर्ड लागत नाही.

हे सगळे रमाईच्या नळावरच्या रांगेतूनच आलेले आहे. याबद्दल मंडळाच्या भगिनींचे करावे तेवढे कौतुक थोडेच.

पण कौतुक करून थांबलो तर रमाईला न्याय मिळणार नाही. स्पष्ट बोलायचे तर पुष्कळ ठिकाणी असे दिसते की विहारात खीर करायची बायकांनी आणि ठराव करायचे पुरुषांनी. वर्गणी गोळा करायला दारोदार फिरतात बायका, आणि पावतीपुस्तकावर सही पुरुषाची. जयंतीला रमाईच्या फोटोला हार घालायला स्टेजवर पाहुणे, आणि रमाईच्या लेकी सतरंजीवर, नाहीतर भटारखान्यात. १९२८ मध्ये आपल्या चळवळीने न शिकलेल्या बाईला अध्यक्षा केले. आज आपल्या मुली पदवीधर आहेत, शिक्षिका आहेत, नर्स आहेत, बँकेत आहेत. मग कार्यकारिणीत त्या का नकोत?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिकलेल्या मुली मंडळाकडे फिरकत नाहीत अशी म्हाताऱ्या बायांची तक्रार असते, आणि ती खोटी नाही. नोकरी, क्लास, मोबाईल, वेळ कुठे आहे? पण मुलींनीही विचार करावा. ज्या मंडळातली आजी अडखळत त्रिशरण म्हणते, तिने कदाचित तुमच्या आईच्या शाळेसाठी गळ्यातली पोत विकलेली असेल. तिला हिशेबाचे रजिस्टर लिहून दिले, सरकारी योजनेचा फॉर्म भरून दिला, बाबासाहेबांचे एक पान वाचून दाखवले, तरी तो रमाईचाच वारसा चालवणे होय.

या वर्धापनदिनाच्या निमित्ताने तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, महिला मंडळाचे स्वतःचे रजिस्टर असावे. कोण आले, काय ठरले, किती पैसे जमले, कुठे खर्च झाले, सगळे लिहून ठेवावे. लिहिले नाही तर पुढच्या पिढीला तुमचे नावही सापडणार नाही. दोन, विहाराच्या कार्यकारिणीत मंडळाच्या भगिनींना जागा असावी, आणि पैशांच्या व्यवहारावर एका तरी स्त्रीची सही असावी. तीस पुड्या बांधणाऱ्या माउलीच्या लेकींना हिशेब जमणार नाही असे कोण म्हणेल? तीन, वर्षावासाच्या वाचनात रोज एका शिकलेल्या मुलीने वाचावे आणि एका वयस्कर बाईने आपल्या तरुणपणीची आठवण सांगावी. दोघींचेही शिक्षण होईल.

वणंदला आज रमाईचे स्मारक आहे. गावोगावच्या वस्त्यांना, रस्त्यांना, सभागृहांना तिचे नाव आहे. पण तिचे खरे काम पुढे न्यायचे असेल तर ते सतरंजीवर गोल बसलेल्या, एकमेकींच्या घरचे सुखदुःख जाणणाऱ्या, वेळ आली तर अन्नाचे ताट मागे सारून स्वाभिमान राखणाऱ्या बायांकडूनच होईल. येत्या ७ फेब्रुवारीला विहारात जमू, तेव्हा रमाईच्या फोटोला पहिला हार मंडळातल्या सर्वांत वयस्कर भगिनीच्या हातून घालू या, आणि अध्यक्षपदाची खुर्चीही त्या दिवशी तिलाच देऊ या. सुरुवात तेवढ्यापासून केली तरी पुष्कळ.

माता रमाईच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जयभीम! नमो बुद्धाय!